चांगली बातमी, नाव नाही

आणि वर ती तुरुंगाच्या खिडकीतली बाई हसून म्हणते कशी, "चांगली बातमी आहे काका, तुमच्या भावाचं नाव आमच्याकडे नाही." आता तुम्हीच सांगा, हिला मी चांगली बातमी म्हणू? माणूस तुरुंगात नाही म्हणजे चांगलं, कबूल, जगाची रीतच आहे तशी. पण माझा एस्टिल घरी नाही, दवाखान्यात नाही, चुलतबहिणीकडे नाही, बाहेर बादलीतलं पाणी गोठतंय आणि त्याच्या अंगावर एक फ्लॅनेलचा सदरा… मग तुरुंगात तरी असू दे ना. तिथं ऊब असते, ब्लँकेट असतं, बीन्सची वाटी असते. मी त्या खिडकीशी टोपी हातात धरून उभा, आणि मनात म्हणतोय, देवा, माझ्या भावाला कुणीतरी धरून आत टाकलेलं असू दे. लोक देवाकडे काय काय मागतात, आणि मी हे मागत होतो.

झालं काय, तुम्हाला सांगतो. एस्टिल माझा धाकटा. आता धाकटा म्हणजे त्यालाही दात नाहीत, पण धाकटा तो धाकटाच. आम्ही दोघंच घरात. हल्ली त्याला विसरायला होतं. नाश्त्याला मऊ पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही खाऊन ताट पुसतो आणि विचारतो, "ऑर्बिन, नाश्ता कधी करायचा?" मी म्हणतो, "आता करू." तो खूश, मीही खूश. बाकी माणूस सोन्यासारखा.

तर त्या दिवशी मी कोंबड्यांचं खाद्य आणायला गेलो. त्याला पिकअपमध्ये बसवलं, म्हटलं, "हलू नकोस हं." तो म्हणाला, "मी कुठं जातोय?" बरोबर बोलला की नाही? मी दुकानात शिरलो, तर दुकानदाराला त्याच्या गुडघ्याबद्दल सांगायचं होतं, मग माझ्या गुडघ्याबद्दल ऐकायचं होतं… बाहेर येतो तर पिकअप आहे, दार उघडं आहे, एस्टिल नाही.

मग शोधाशोध. आमच्या शेरीफच्या माणसांनी ओढ्यापर्यंत पाहिलं, बिचाऱ्यांनी मनापासून पाहिलं. मी विचारलं, कुणी त्याला धरून तुरुंगात नेलं नसेल ना? आता आमच्याकडची गंमत ऐका. पकडतो शेरीफ, सांभाळतो जेलर, आणि कागद ठेवते कोर्टाची कारकूनबाई. शेरीफकडे जा, तो म्हणतो, "ते जेलरला विचार, ऑर्बिन." जेलरकडे जा, तो म्हणतो, "आमचा तुरुंग गळतो म्हणून बंद केलाय, आता मी नुसता गाडी चालवतो, कैदी शेजारच्या काउंटीत, पलीकडच्या जिल्ह्यात, नेऊन सोडतो. कुठल्या? जिथं जागा असेल तिथं." कारकूनबाईकडे जा, ती म्हणते, "कागद सगळ्यांचे असतात, कुणीही मागावेत, कायदाच आहे. फक्त कागद यायला हवा ना माझ्याकडे." आणि तिघंही निघताना पाठीवर हात ठेवून काय म्हणतात? चांगली बातमी, नाव नाही.

आमच्या वाचनालयात मिसेस टॅकेट म्हणून बाई आहेत. मला वाचता फारसं येत नाही हे त्यांना ठाऊक, पण कधी बोलून दाखवत नाहीत. त्या म्हणाल्या, "बसा मिस्टर नेपियर, काही काउंट्या आत घेतलेल्यांचे फोटो कॉम्प्युटरवर लावतात, आपण बघू." आणि लागले एकेक फोटो सरकायला. काय सांगू तुम्हाला… सगळी तोंडं अशी, की जणू कुणीतरी गाढ झोपेतून उठवून दिव्यासमोर उभं केलंय. एक तर आमच्या छपराचे पत्रे बसवून गेलेला पोरगा, हसतमुख, आणि इथं किती वाळलेला. एक बाई, वय माझ्या मुलीएवढं असेल, मुलगी असती तर. मी आपला सावकाश बघत होतो. बाई म्हणाल्या, "पुढं सरकवू? हा काही तुमचा भाऊ नाही." मी म्हटलं, "थांबा जरा. कुणाचा तरी असेल."

शेवटी त्याही म्हणाल्या, "चांगली बातमी आहे…" आणि माझं तोंड पाहून पुन्हा यादीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "लार्किन काउंटी राहिली. ते कॉम्प्युटरवर काहीच लावत नाहीत. स्वतः खिडकीवर जाऊन विचारावं लागतं."

म्हणून डोंगर ओलांडून लार्किनला आलो, आणि तिथं ही खिडकीतली बाई. व्हर्लीन नाव तिचं, छातीवर पाटी होती, आणि आवाज असा की शेजारणीनं कुंपणावरून बोलावं. "एस्टिल नेपियर… नाही हो काका. चांगली बातमी." मी म्हटलं बरं, आणि वळलो. वळलो म्हणजे काय, पाय वळले, मी अजून तिथंच. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, कोण विचारून गेलं ते लिहून ठेवायचं असतं. तुमचं नाव?"

"ऑर्बिन नेपियर."

ती टकटक करत होती, ती थांबली. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही तर आत आहात."

"कुठं?"

"आत. आमच्या कोठडीत. परवापासून."

मी खाली माझ्या बुटांकडे बघितलं. आपली खात्री केलेली बरी. म्हटलं, "पोरी, मला वाटतंय मी बाहेर आहे."

"इथं तसं दिसत नाही."

"मी काय केलं?"

"परक्या गाडीत शिरलात. बाहेर यायला नकार दिलात. आणि डेप्युटी शेरीफला टोपीनं मारलंत."

"जोरात?"

"तसं लिहिलेलं नाही."

तिनं तिथल्या जेलरला हाक मारली. तो आला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझं लायसन्स मागून घेतलं, त्यावरचं नाव बोट ठेवून वाचलं, आणि तुम्हाला सांगतो, तो माणूस तसाच आत पळाला… मी निसटलो तर नाही ना, हे बघायला. परत येऊन म्हणाला, "नाही, हे आत झोपलेत."

मी म्हटलं, "फोटो बघायला मिळेल का? आत घेताना काढला असेल ना?" व्हर्लीन म्हणाली, "दुसऱ्याचा असता तर अर्ज, मग थांबा. तुमचा तुम्हाला बघायला कशाला अर्ज?" आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

एस्टिल होता. माझा एस्टिल. कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता, बाजूला दाराकडे बघत होता, जसं कुणी येणार असावं. मला पुढचं नीट दिसेना, चष्मा पुसावा लागला. व्हर्लीन हळूच म्हणाली, "हेच का, काका?"

"हो," मी म्हटलं. "हा मीच."

मग कळलं. पठ्ठ्या मला शोधायला खाली उतरला, परत येऊन आपल्यासारख्याच निळ्या पिकअपमध्ये मागच्या सीटवर आडवा झाला, आणि ती गाडी लार्किनच्या एका बाईची. ती घरी पोचली तरी हा घोरतोय. उठवला तर म्हणे, "ही माझ्या भावाची गाडी आहे, तो आल्याशिवाय मी हलणार नाही." मी सांगितलं होतं ना, हलू नकोस म्हणून. खिशात पाकीट नाही, तोंडात एकच नाव… पुढं टोपी.

न्यायाधीशबाई भल्या. जबाबदार नातेवाईक येऊन सही करील तर सोडा, म्हणून सांगून ठेवलेलं. मी सही केली. सोडलं कुणाला, ऑर्बिन नेपियरला. ताब्यात घेतलं कुणी, ऑर्बिन नेपियरनं. जेलर दोन्हीकडे बघून म्हणाला, "बघा बाबा, सांभाळा स्वतःला."

एस्टिल बाहेर आला, ब्लँकेट पांघरून. मला म्हणाला, "किती वेळ लावलास. खाद्य मिळालं?"

"मिळालं."

गाडीत बसल्यावर, डोंगर चढायला लागल्यावर मी विचारलं, "माझं नाव का रे सांगितलंस?" त्यानं ब्लँकेट गुडघ्यांवर ओढून घेतलं. मग म्हणाला, "त्यानं नाव विचारलं. माझं मला सापडेना. तुझं सापडलं." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "चुकलं का, ऑर्ब?"

मी म्हटलं, "नाही. बरोबर सांगितलंस."

व्हर्लीनचा फोन आला होता नंतर. कोर्टात अर्ज केला तर नाव दुरुस्त होईल म्हणाली, माझ्या जागी एस्टिलचं पडेल. मी म्हटलं, राहू दे. त्याच्याकडं आधीच थोडं उरलंय, त्यात हे कशाला घालायचं? आणि आमची तोंडं एका साच्यातली, कोण ओळखतंय? तेव्हा आता सगळ्यांसाठी उघडा कागद आहे, कुणीही लार्किनला जावं, विचारावं. गेलेच लोक. रविवारी चर्चबाहेर शेजारच्या होबार्टनं माझा हात दोन्ही हातांत घेतला, म्हणाला, "ऑर्बिन, माणसाच्या हातून होतं. पण टोपीनं?" मी मान खाली घातली.

जाऊ द्या. माझं काही म्हणणं नाही. फक्त माझ्या नावावर फोटो काढायचाच होता, तर तेवढे केस तरी नीट बसवून घ्यायचे होते त्यानं.