दोघांनी पाहिलेलं बाळ

(साल १९७१. जळगावातला एक दवाखाना, दुपारची वेळ. सिझर झालेली कोकिळा बाळंतिणींच्या वॉर्डात खाटेवर पडून आहे. सासू सुगंधाबाई फैजपूरहून आलेली, उशाशी बसली आहे.)

कोकिळा : मग केस कसे आहेत त्याचे?

सुगंधाबाई : सांगतलं ना व माय. काळेभोर. त्याच्या बापावानी, जीवरामवानी दाट.

कोकिळा : आणि हे म्हणाले, डोकं तुळतुळीत आहे.

सुगंधाबाई : तो पुरुष मानूस. त्याले काय समजते लहान लेकराचं?

कोकिळा : केस आहेत की नाहीत, एवढं पुरुषालाही कळतं, आत्याबाई.

सुगंधाबाई : तू हा शिरा खाय आधी. थंडा होऊ राह्यला.

कोकिळा : रडतो का?

सुगंधाबाई : रडते ना! अख्खा दवाखाना डोक्यावर घेते.

कोकिळा : हे म्हणाले, नुसता झोपून असतो. तुम्ही दोघांनी दोन वेगळी बाळं पाहिलीत का?

सुगंधाबाई : असं काय बोलते बाई? ताप-गिप हाये का तुले?

कोकिळा : ताप नाही. दूध दाटलंय. छातीचा दगड झालाय आणि कोणी माझ्याकडे फिरकत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं पोरगं सारखं आणतात. माझंच का आणत नाहीत?

सुगंधाबाई : काचेच्या पेटीत ठेवेल हाये ना. वजन कमी हाये म्हने.

कोकिळा : काल तर म्हणालात, गुटगुटीत आहे.

सुगंधाबाई : माझ्या काय ध्यानात राह्यते सारं?

कोकिळा : काल पाचवी होती. त्या बाईच्या घरच्यांनी इथंच, खाटेच्या आडोशाला, हळद-सुपारी मांडून पूजा उरकली. तुम्ही पाचवीचं नावसुद्धा काढलं नाही. गाय व्याली तरी नारळ फोडणाऱ्या तुम्ही!

सुगंधाबाई : दवाखान्यात कशाची व पाचवी?

कोकिळा : माझ्याकडे बघून बोला. गेलाय ना तो? माझे टाके निघेपर्यंत सांगायचं नाही, असंच ठरलंय ना तुमचं?

सुगंधाबाई : नही व! जीभ आवर तुझी. जिवंत हाये तो.

कोकिळा : तुम्ही पाहिलात? आज?

सुगंधाबाई : पाह्यला ना.

कोकिळा : अंगावर काय होतं?

सुगंधाबाई : झबलं. ते पिवळं, मी शिवेल होतं ते.

कोकिळा : ते माझ्या उशाखाली आहे, आत्याबाई. हे बघा.

सुगंधाबाई : दे ते इकडे.

कोकिळा : आता बोला.

सुगंधाबाई : नही पाह्यला मी. एकदाही नही. दारापर्यंत जाते. आतून त्या हवेच्या नळकांड्याचा सूं-सूं आवाज येते अन् पाय तिथीच थांबतात. मंग बाहेर निंबाखाली जाऊन बसते.

कोकिळा : का पण?

सुगंधाबाई : जीवरामच्या आधी एक पोरगी झालती मले. अशीच निळी पडली, मांडीवर. तिचं तोंड आजून दिसते. म्हटलं, याचं तोंडच नही पाह्यलं तर...

कोकिळा : निळी? म्हणजे हा निळा आहे?

सिस्टर : काय चाललंय इथं? ओ बाई, उठू नका! टाके ओले आहेत.

कोकिळा : सिस्टर, माझं बाळ दाखवा. नाहीतर ते नाही, असं तोंडावर सांगा.

सिस्टर : आहे हो. आत्ताच त्याचं दुपटं बदलून आले. पण हृदयाला भोक आहे त्याच्या. धाप लागते, म्हणून ऑक्सिजन लावलाय. दूध ओढायचे कष्टसुद्धा झेपणार नाहीत, म्हणून तुमच्याकडे आणत नाही. तुम्हाला कळू देऊ नका, असं तुमच्या यजमानांनीच विनवलं होतं.

कोकिळा : ऐकलेलं आता काहीच खरं वाटत नाही मला. चाकाची खुर्ची आणा.

सिस्टर : डॉक्टरांना विचारते. ते हो म्हणाले तरच.

सुगंधाबाई : विचारा हो सिस्टर. ही ऐकनारी नही आता.

सिस्टर : डॉक्टर हो म्हणाले म्हणून आणलंय, बरं का. हं, सांभाळून, उंबरा आहे. हीच खोली. ती खिडकीकडची पेटी तुमची.

कोकिळा : पेटीला काच फक्त वरून आहे; खुर्चीतून मला नुसतं टेबल दिसतंय. उभी राहते.

सिस्टर : अजिबात नाही. टाके उसवतील. आणि त्याला बाहेर काढता येणार नाही.

कोकिळा : म्हणजे इथवर येऊनही पुन्हा ऐकायचंच? पेटी रिकामी असली तरी मला काय कळणार? आत्याबाई, तुम्ही बघा.

सुगंधाबाई : मी?

कोकिळा : बघा आणि आहे तसं सांगा.

सुगंधाबाई : माझ्यानं नही होनार व कोकिळा.

कोकिळा : मग मी उठते.

सुगंधाबाई : बस! बस व बाई. पाह्यते. पाह्यते मी.

कोकिळा : आहे?

सुगंधाबाई : हाये.

कोकिळा : कसा आहे?

सुगंधाबाई : निळा हाये. ओठ निळे, नखं निळे. नाकात नळी हाये. इतकुसा हाये, माझ्या ओंजळीत मावीन. अन् धापा टाकते. कपाळाले आठी हाये, मोठ्या मानसावानी.

कोकिळा : सिस्टर, जगेल ना?

सिस्टर : कालच्यापेक्षा आज ऑक्सिजन कमी लागतोय. एवढंच सांगता येईल. अंग धरलं तर डॉक्टर मुंबईला पाठवतील, ऑपरेशनला.

सुगंधाबाई : मी जाईन संग. माझ्या मांडीवर घेऊन जाईन.

कोकिळा : आत्याबाई, थांबू नका. सांगत राहा.

सुगंधाबाई : सांगते. एक हात उघडला त्यानं. मिटला. आता परत उघडला.