तिसरी शिट्टी

रंजना: बाबाऽ! उद्या पांडेसऱ्याला जायचंय! कानाच्या मशीनचा कॅम्प आहे!

हिलाल: हां? कोण गेलं?

रंजना: कोणी नाही गेलं! कॅम्प! तुमचा मुलगा खाडा करतोय उद्या!

हिलाल: नको म्हणावं त्याला. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेली, कानांचं पार भुस्कट झालं. मशीन काय करणार?

रंजना: बरं. (पाठ फिरवून, हळूच) मग सकाळी मी न्हाणीत असताना तिसऱ्या शिट्टीला कुकर कोणी बंद केला?

हिलाल: वाफ दिसली मला.

रंजना: माय वं! म्हणजे आत्ताचं ऐकलं तुम्ही! सासरा बहिरा नाहीच! कधीपासून हे नाटक?

हिलाल: दोन दिवाळ्या झाल्या. माझाच पोरगा महेश फोनवर कोणाला तरी म्हणत होता, खोली एवढीशी, त्यात म्हातारा, त्याचा आता काय उपयोग. मी दारातच होतो. म्हटलं, आता ऐकायचंच नाही. लूमवाला बहिरा झाला तर कोणी पुरावा मागत नाही.

रंजना: अन् मी? रोज भाजी निवडताना तुमच्यापुढे बडबडायची, ते?

हिलाल: ऐकलं.

रंजना: सगळं?

हिलाल: पोटातलं पोर गेलं अन् तू महेशला कळू दिलं नाहीस. तेही.

रंजना: बहिरे म्हणून बोलले हो मी! दुसऱ्या कोणाला सांगितलं तर समोरचा उलट काहीतरी म्हणणार, अन् तेच मनाला लागून राहणार.

हिलाल: म्हणून तर गप्प बसलो. एकदा हात उचलला होता, तुझ्या डोक्यावर ठेवायला. पण बहिऱ्यानं तो कशासाठी ठेवावा? परत मेथीत घातला.

रंजना: (पदराने डोळे पुसते)

हिलाल: रडू नको. महेश खरंच खाडा करतोय?

रंजना: तीन महिने या कॅम्पच्या मागे लागलेत. तुम्ही मंदिरात गेलात की म्हणतात, बाबा माझ्याशी बोलतच नाहीत गं, कान नीट झाले तर बोलतील.

हिलाल: असं म्हणतो?

रंजना: हो.

हिलाल: एवढं ऐकलं, अन् तेवढंच ऐकायचं राहिलं बघ. कॅम्प राहू दे. आज पाळीवरून आला की मीच बोलतो त्याच्याशी.

रंजना: अन् माझं?

हिलाल: तुझं तू सांगशील तेव्हा. तोवर तेवढ्यापुरता मी बहिरा.

रंजना: (अगदी हळू) चहा ठेवू?

हिलाल: ठेव. अन् आज तूही बस प्यायला.