कापूस उलटा चालला

मी इथलाच, वडनेरहून आत पांदणीनं, शेतातल्या कच्च्या वाटेनं गेलं की आमचं गाव. बाप मजूर, मी चौथी शिकलो अन् वडनेरच्या दवाखान्यात शिपाई लागलो, पण लोक मले अजून कापूसवाला म्हणते, अन् कापसाचं एक बोंड माह्या नावावर नाई.

काय सांगू तुमाले, त्या साली चैतात विहिरी आटल्या, लोक नाल्याचं पाणी प्याले अन् गावात कॉलरा आला. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबानं गावच्या शाळेतच दवाखाना मांडला, माही बायको शांता बी तिथं उघड्या फरशीवर, डोळे आत गेलेले. सलाइन वर्ध्याहून यष्टीनं वडनेरले यायचं, तवा बाटल्या काचेच्या, पुढं बैलबंडीनं पांदणीतून मी आणायचो. पहिल्या खेपीले खाली वाळल्या गवताची तणीस घातली होती तरी निम्म्या फुटल्या. साहेब म्हणे, आजचं भागेल, पण उद्या फुटल्या तर तुझ्या बायकोला मी वाचवू शकत नाही. मले लय राग आला, पण खोटं नोतं ते.

दुसऱ्या दिवशी मी वडनेरले बाटल्याईपाशी उभा, अन् आमच्याच गावचे दौलतकाका कापसाची भरली बंडी घेऊन हिंगणघाटच्या बजारले चालले. मी आडवाच झालो, म्हणलं काका, बंडी वापस फिरवा, बाटल्या कापसात पुरू. काका म्हणे, येडा झाला काय बे, मी बजारले चाललो. म्हणलं, शांता मरून राह्यली काका. काकानं बैल वळवले.

पांदणीत समोरून कापसाच्या बंड्या, सारे हासून राह्यले, काऊन गा दौलत, बजारानं कापूस वापस केला काय. काका मिशीतल्या मिशीत शिव्या देत, मी गळ्यापर्यंत कापसात, बाटल्या कवटाळून. शाळेत उतरवल्या, एक बी फुटली नोती, सांगतो ना, एक बी नाई! साहेब नाचाचेच बाकी होते. अन् जे हासले त्याईच्याच कापसाच्या बंड्या दुसऱ्या दिवशी बाटल्या न्याले वडनेरले रांगेनं उभ्या. सलाइनवाचून मंग आमच्या गावात कोणी गेलं नाई.

काकानं जाता जाता कवळाभर कापूस काढला अन् शांताच्या डोक्याखाली देल्ला. बरी झाल्यावर तिनं त्याचीच उशी शिवली. आता प्लास्टिकच्या बाटल्या येते, आपटल्या तरी फुटत नाई, काका बी थकले, देव त्याईले शंभर वर्सं देवो. पण उशी तेच हाय, सरकीसकट, रोज कानाले टोचते. मी म्हणतो, आण, पिंजून आणतो. त शांता म्हणते, तुमाले टोचत असन त खाली निजा.


मी आपला गुमान त्याच उशीवर डोकं टेकवतो.