एकोणीस जूनची यादी

अमेरिकेतल्या होबोकन गावच्या बेकरीत रांग होती. भिंतीवरची ‘आजच्या दिवशी’ची यादी काउंटरवरची रोझली लिहिते. म्हाताऱ्या डॉमिनिकने तिलाच धारेवर धरलं होतं.

“अठराशे सेहेचाळीस, आपल्या गावात बेसबॉलचा पहिला सामना. ठीक. त्याच्या खाली लगेच आपला कार्माइन?”

“एकोणीसशे अडुसष्ट साली याच तारखेला त्यांनी चेंडू चर्चच्या छतावर मारला, डॉमकाका.”

“दरवर्षी तेच वाचतोय. माझं नाव कुठंय?”

“तुम्ही काय केलं होतंत?”

“त्या पहिल्या सामन्यात तेवीस-एकने हरलेल्यांचं नाव लिहितेस ना?”

“लिहिते. खेळाचे नियम त्यांनीच लिहिले होते.”

“मग माझंही लिही. कार्माइनला तो चेंडू मी टाकला होता.”

“काका, लोक हसतील.”

“हसू देत. त्या ओळीत तो एकटा नको.”