पावलं चोरणारी चेटकीण

बाबा : नको ताई, तोही सिनेमा नको. त्यात आई नाहीये.

आत्या : अरे, त्यात बोलणारं कपाट आहे! पोरं जीव टाकतात त्या कपाटावर.

बाबा : कपाट राहू दे. त्या मुलीला आई का नाही, ते आधी सांग.

आत्या : लहानपणीच गेलेली असते. पण एका वाक्यात उरकलंय रे ते.

बाबा : एका वाक्यातही नको. आज नको.

आत्या : बरं. मग तो पाऊस बाटलीत भरणाऱ्या म्हाताऱ्याचा?

बाबा : सुरुवात पाहिली मी. पोरगं अनाथाश्रमात. या जादूच्या सिनेमांतल्या आया काय ठरवून मरतात का गं?

आत्या : आई घरात असली तर पोराला एकट्याला जंगलात कोण जाऊ देणार? मग जादू व्हायची कधी? तू आधी बस बघू एका जागी. फोनमधून सारख्या चपला ऐकू येतायत तुझ्या.

बाबा : बसवत नाही. दहाला आत नेलंय तिला, आता दीड वाजला. तीन तासांत गाठ काढून बाहेर येतो म्हणाले होते डॉक्टर.

आत्या : ते तीन म्हणतात आणि पाच लावतात. तिथं तुझ्या सासूबाई आहेत ना?

बाबा : आहेत. एकालाच थांबू देतात. आणि हीच म्हणाली, तू रक्त बघून आडवा होतोस, तुला कोण सांभाळणार? घरी थांब, भिंगरीला जादूचे सिनेमे लावून दे, तिचा दिवस निघून जाईल.

आत्या : आणि भिंगरीला काय सांगितलंय?

बाबा : आई ऑफिसच्या ट्रेनिंगला गेलीय. चार दिवस.

आत्या : अरे, आठ वर्षांची घोडी आहे ती!

बाबा : हळू बोल, बाहेरच्या खोलीत आहे. ताई, एक नाव सांग फक्त. वीस वर्षं परदेशी सिनेमांतल्या चेटकिणींना तू मराठीत आवाज देतेस. तुला नाही माहीत तर कुणाला माहीत असणार? आणि पटकन सांग. हिच्या फोनवरून बोलतोय, माझा मोकळा ठेवलाय, पण कान तिकडेच आहेत.

आत्या : थांब, थांब. पावलं चोरणारी चेटकीण! लोकांची पावलं चोरते आणि बरण्यांत भरून ठेवते. त्यात आई आहे. चांगली ठणठणीत आहे. दारात उभी राहून चेटकिणीला असली फैलावर घेते की बघत राहावं.

बाबा : नक्की?

आत्या : चेटकीण मीच आहे त्यात. मला नाही ठाऊक? लाव बिनधास्त.

(अर्ध्या तासानं फोन पुन्हा वाजला. आत्या ताटावरून उष्ट्या हातानं धावली, कारण मनात आधी वाईटच आलं.)

बाबा : ठणठणीत म्हणालीस ना तू?

आत्या : काय झालं? हॉस्पिटलातून काही...

बाबा : तिकडून काहीच नाही! सिनेमातली आई! दहाव्या मिनिटाला चेटकीण तिची पावलं चोरते आणि ती आडवी होते. पांढरीफटक, डोळे मिटलेले. तेव्हापासून आडवीच आहे!

आत्या : असं कसं होईल? दोन पानांचं भांडण आहे तिचं माझ्याशी. घसा बसला होता माझा.

बाबा : ते जुनं असतं! मुलीला आठवतं ते! ताई, तू हा सिनेमा पाहिलायस ना?

आत्या : नाही.

बाबा : नाही?

आत्या : आम्हाला फक्त आमचे तुकडे दाखवतात रे. काचेच्या खोलीत एकटीनं उभं राहायचं, चेटकिणीनं तोंड उघडलं की आपण उघडायचं. तेही पुढचं आधी, मागचं नंतर, जसं जमेल तसं. मला ती बाई भांडताना दिसली, मला वाटलं धडधाकट आहे. चुकलंच माझं.

बाबा : बंद केला मी टीव्ही.

भिंगरी : बाबा, मला दे ना फोन. आत्या, ती चेटकीण तू आहेस ना?

आत्या : ओळखलंस होय गं?

भिंगरी : हसली तेव्हा. पत्त्यांत जिंकल्यावर तू तश्शीच हसतेस. आत्या, त्या आईची पावलं परत मिळतात का?

आत्या : मला नाही माहीत, राणी. माझं काम मध्येच संपलं. मला दगड करून टाकतात.

भिंगरी : आणि बाबानं मध्येच बंद केलं. म्हणजे आता ती झोपूनच राहिली.

आत्या : भिंगरी, अगं, तो सिनेमा आहे.

भिंगरी : ट्रेनिंगला जाताना कुणी फोन घरी ठेवून जातं का? आपण आता आईच्याच फोनवर बोलतोय. तिनं अंगठीपण काढून डबीत ठेवलीय. तिच्या पोटाचं ऑपरेशन आहे. मला माहितीये.

आत्या : हे बाबाला सांगितलंस?

भिंगरी : नाही. तो घाबरतो.

बाबा : काय म्हणालीस?

भिंगरी : सकाळपासून तू नुसता चालतोयस.

बाबा : पिल्ला, मला वाटलं, तुला कळलं तर तुझं काय होईल.

भिंगरी : मीपण चालले असते. दोघं चाललो असतो.

आत्या : लाव रे तो टीव्ही. फोन स्पीकरवर ठेव. मी आहे इथंच.

बाबा : आणि शेवट वाईट असला तर?

आत्या : असला तर असला. तिघं मिळून बघू.

बाबा : मला नाही बघवणार.

भिंगरी : मग तू डोळे मीट. मी सांगते दोघांना. हे गाणं पुढं पळवते. आत्या, तू दगड झालीस.

आत्या : बरं झालं, बाई. पुढं?

भिंगरी : मुलीला बरणी सापडली. आत पावलं वाजतायत. पण झाकण उघडतच नाहीये.

बाबा : गरम पाण्यात धर म्हणावं तिला.

आत्या : डोळे मिटले होतेस ना रे तू?

भिंगरी : बाबा, तुझा फोन! तुझा वाजतोय!

आत्या : कोण आहे? भिंगरी, कुणाचा आहे?

भिंगरी : आजीचा. तो नुसतं हं, हं म्हणतोय.

आत्या : तोंड कसं दिसतंय त्याचं?

भिंगरी : भिंतीकडे आहे. मी सिनेमा थांबवलाय. झाकण थोडंसं हललंय.

आत्या : काय बोलतोय? माझा जीव जाईल आता, सांग ना.

भिंगरी : म्हणाला, "हो, गॅस बंद केलाय." परत म्हणाला, "अहो, बंद केलाय, सांगा तिला."

आत्या : सांगा तिला म्हणाला?

भिंगरी : हो. "तीच विचारतेय ना, मग तिलाच सांगा" म्हणाला.

आत्या : आणि आता? आता काय करतोय?

भिंगरी : आता बसला. खाली, फरशीवरच.