ताडपत्रीची घडी

अमळनेरच्या स्टँडवर शिंदखेड्याची गाडी तासभर आली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर नव्या ताडपत्रीची घडी होती.

"घरावर टाकायला घेतली का, अक्का?"

"हो बाई. पंधरा दिवस झाले, बठ्ठं धाबं, सगळं मातीचं छप्पर, खाली आलं. स्लॅब दिवाळीनंतर टाकू."

"मग आता वर काय शे?"

"काही नाही. प्लास्टिक होतं, ते आमच्या मालकांनी सकाळीच काढलं. काढता काढता त्याच्या चिंध्या झाल्या."

"नवी हातात आल्यावर काढायचं ना."

"उद्या अमावस्या शे. त्या दिवशी ते छपराला हात लावत नाहीत. म्हणाले, तू दुपारपर्यंत येशील, तोवर मी छपराच्या लाकडी बल्ल्या बदलून ठेवतो."

"शिंदखेड्याकडे आभाळ लई काळं दिसतंय. घरात कोण शे?"

"सून. परवा बाळंत झाली."

"मग शेजारी नेतील तिला."

"पाचवी पुजल्याशिवाय आमच्यात बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. मालक तर मुळीच काढू देणार नाहीत."

"दुसऱ्या खोलीत?"

"घरच एका खोलीचं शे, बाई."

मग वरचा पत्रा वाजू लागला आणि बाकावर पाणी गळायला लागलं.

"अक्का, ती घडी उघडा. दोघी डोक्यावर घेऊ."

"नको."

"अहो, ताडपत्रीच शे ती. पाण्यानं काय होतंय तिला?"

"तिला काही होत नाही. पण बाळाच्या आधी मी कशी घेऊ डोक्यावर?"