कोणाची हरकत?

फिजिओथेरपीच्या दाराबाहेर एक काकू गुडघा चोळत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक मुलगी आणि अर्धांगवायूतून उठलेले तिचे वडील. तिच्या हातातल्या फोनवर मीटिंग चालली होती.

“बोला बाबा, आपला आवाज बंद केलाय.”

“आज... काय ठरतंय?”

“वेबसाइट कशा बनवाव्यात, त्याचे सगळ्यांसाठीचे नियम. पान बंद करण्याआधी माणसाला विचारायचं, अजून वेळ हवाय का? ते कलम आज काढून टाकताहेत.”

“माझं... बँकेचं पान... बंद पडतं, तसं?”

“तसंच. तुमचं बोट बटणापर्यंत पोचत नाही, तोवर बाहेर काढतात.”

“मग... भांड की.”

“किती भांडू? मी तोंड उघडलं की सगळे सुस्कारे टाकतात. इथे मतदान नसतं, बाबा. अध्यक्ष विचारतात, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही की मंजूर. आज मी गप्प बसणार.”

“घरी... माझ्याशी... बरी भांडतेस.”

फोनमधून आवाज आला, “कलम वगळायला कोणाची हरकत?”

मुलीने मान खाली घातली.

“आवाज... इथून... चालू होतो ना?”

“बाबा, नका ना!” पण बाबांचं बोट बटणावर टेकलं होतं.

“ह... हर...”

“कोणी नाही. चला पुढे,” फोनमधलं कोणीतरी घाईने म्हणालं.

“हर... क...”

“थांबा, कोणीतरी बोलतंय,” अध्यक्ष म्हणाले.

आतून काकूंना हाक आली. त्या उठल्या नाहीत.

“सावकाश बोला,” अध्यक्ष म्हणाले. “आम्ही थांबलोय.”